उजेडाला धरलेलं अंडं

मे महिन्यातल्या भर दुपारी हॅचरीच्या मागच्या भिंतीपलीकडून पिल्लांचा आवाज आला, तेव्हा मला आधी वाटलं माझ्याच कानांना काहीतरी झालंय. आमच्याकडं तो आवाज नवा नाही. अंड्यातून नुकती बाहेर पडलेली शेकडो पिल्लं एका सुरात ओरडत असली की घरी गेल्यावरही तासभर कान वाजत राहतात. पण तो आवाज शेडच्या आतून यायला हवा. हा मागून येत होता, आणि मागं फक्त एक खड्डा आहे. त्या खड्ड्यात आम्ही बाद अंडी टाकतो. काही रिकामी, काही मेलेली. तिसरं काही तिथं जात नाही, कारण तिथं जाणारं प्रत्येक अंडं आधी हौसाक्कांच्या डोळ्यांखालून जातं.

भिंतीला वळसा घालून मी गेलो. खड्ड्यावर रोज संध्याकाळी चुना आणि माती टाकणारा माणूस पुतण्याच्या लग्नाला गेला होता, त्यामुळं दोन दिवसांची अंडी तशीच उघडी पडली होती. ऊन मी म्हणत होतं. वरच्या थरातलं एक अंडं उकललं होतं आणि त्यातून ओलं, अंगाला पिसं चिकटलेलं पिल्लू अर्धं बाहेर येऊन ओरडत होतं. त्याच्या शेजारी दुसरं. थोडं पलीकडं एक टरफल नुसतंच हलत होतं. मी तिथंच उकिडवा बसलो. मेलेली म्हणून परवा फेकलेली अंडी उन्हानं उबून फुटत होती. आणि ती मेलेली आहेत असं सांगणारं माणूस वीस-बावीस वर्षांत एकदाही चुकलेलं नव्हतं.

माझ्या मनात पहिला विचार पिल्लांचा आला नाही, याची मला अजून लाज वाटते. पहिला विचार आला तो असा, की आता आक्कांचं स्टूल गेलं.

हे स्टूल म्हणजे काय ते सांगायला हवं. आमची हॅचरी शिरूरहून दौंडला जाताना न्हावऱ्याच्या पुढं, उसाच्या रानात आहे. गावरान कोंबडीची अंडी यंत्रात उबवायची आणि एका दिवसाची पिल्लं विकायची, हा धंदा. मी दौंडचा, बीएस्सी झालेला, तिथं सुपरवायझर. त्या शेडमध्ये एक खोली आहे, तिला खिडकी नाही. आत एक पत्र्याचा डबा, डब्यात बल्ब, आणि डब्याच्या झाकणाला अंडं टेकेल एवढं भोक. त्या भोकावर अंडं धरलं की उजेड अंड्यातून वर येतो आणि आतलं दिसतं. याला आम्ही कँडलिंग म्हणतो. डब्यासमोर एक लाकडी स्टूल. बावीस वर्षं त्या स्टुलावर हौसाक्का बसत होत्या, आणि त्या रजेवर असल्या तर त्या दिवशी कँडलिंग होत नसे.

दहाव्या दिवशीचं काम सोपं असतं. रिकामं अंडं झिरोच्या बल्बासारखं उजळतं, त्यात काही नसतं. जिवंत अंडं तांबूस दिसतं आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. खरी परीक्षा अठराव्या दिवशी. तेव्हा पिल्लू एवढं वाढलेलं असतं की सगळं अंडं काळंच दिसतं. मेलेलंही काळं, जिवंतही काळं. फरक असतो तो अंड्याच्या बुडाशी, जिथं हवेची रिकामी जागा असते तिथं. त्या कडेला धागे दिसले, किंवा काळं थोडं हललं, तर जिवंत. हे बघायला मला अर्धं मिनिट लागायचं आणि तरी मी चुकायचो. आक्का अंडं डब्यावर टेकवायच्या आणि उचलायच्या. टेकवलं, उचललं, इकडं. टेकवलं, उचललं, तिकडं.

आक्का बुटक्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी चपला, आणि डावा डोळा कायम मिटलेला. त्या डोळ्याला काही झालं नव्हतं. डब्याकडं एका डोळ्यानं बघायची सवय लागली होती, ती जगाकडं बघतानाही सुटली नव्हती. त्यांच्याशी बोलणाऱ्या माणसाला वाटायचं, आपल्या मागं कुणीतरी दिवा लावलाय आणि ही बाई आपल्या आतलं बघतेय. मी नोकरीवर रुजू व्हायला आलो त्या दिवशी माझं नेमणुकीचं पत्र त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि दारातल्या उन्हाला धरलं. वाचलं नाही, नुसतं धरलं. मी हबकलोच. मग पत्र परत देत म्हणाल्या, "कागद बरा हाय. टिकाल."

हातात येईल ती वस्तू उजेडाला धरायची, ही त्यांची खोड होती. भज्यांचा पुडा सोडला की भजी आम्ही खायचो आणि कागद त्या बघायच्या. तेलानं कागद किती मोकळा झालाय यावरून त्या भजेवाल्याची लायकी ठरवायच्या. ताकाचा पेला दारात नेऊन बघायच्या, पाणी किती घातलंय ते कळायला. शिरूरच्या बाजारात त्यांच्याबरोबर एकदा गेलो होतो. सुनेसाठी पातळ घ्यायचं होतं. त्यांनी एका पातळाचा पदर रस्त्यावरच्या उन्हात पसरला, स्वतःचा हात त्यामागं धरला आणि दुकानदाराला विचारलं, "किती बोटं?"

तो बिचारा कौतुकानं म्हणाला, "तीन!"

"ठिवा मग ह्ये," म्हणाल्या. "तुम्हाला बोटं दिसत्यात, उद्या गावाला काय काय दिसंल."

एकदा पुण्याहून एका कंपनीचा तरुण साहेब आम्हाला ट्रेनिंग द्यायला आला. पोरगा चांगला होता, पण त्यानं भिंतीवर तक्ता लावला आणि शाळाच सुरू केली. पारदर्शक म्हणजे काय, अपारदर्शक म्हणजे काय. मग म्हणाला, "आता अर्धपारदर्शक. ज्यातून उजेड जातो, पण पलीकडची वस्तू स्पष्ट दिसत नाही. कुणी रोजच्या वापरातलं उदाहरण सांगेल?"

सगळ्या बाया आक्कांकडं बघायला लागल्या. आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "भज्याचा कागद. दुधी काच. कांद्याचं सालपट. उडदाचा पापड. माज्या सुनंचा राग."

बाया हसून लोळायच्या बाकी राहिल्या. साहेबही हसला. पण आक्कांचं झालं नव्हतं. त्यांनी विचारलं, "पर सायेब, अर्धं का म्हनायचं? उजेड तर जातोय की."

"पूर्ण नाही ना जात, मावशी. आत विखुरतो."

"व्हय, गाळून जातो. पर च्या गाळल्यावर त्याला कुनी अर्धा च्या म्हनतं का?"

साहेबानं डोकं खाजवलं. मग त्यानं हातातला फॉर्म वाचला आणि विचारलं, की जिवंत अंडं या तीनपैकी कशात लिहायचं. आक्का एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मधल्यात. आरपार दिसलं म्हंजी आत कुनी न्हाई. काईच दिसंना म्हंजी होतं ते सरलं. जित्तं ते मधी दिसतं. आन् धड दिसत न्हाई, म्हनून तर टक लावून बघावं लागतं."

हा शब्द मी सातवीत पाठ केला होता, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते आणि नंतर विसरलो होतो. चौथी शिकलेल्या बाईनं तो माझ्यासमोर असा उलगडून ठेवला आणि मला कानशिलात बसल्यासारखं वाटलं. साहेबानं ते वहीत लिहून घेतलं. जाताना तो आक्कांच्या पाया पडायला लागला, तर आक्का म्हणाल्या, "जय भीम म्हना, पुरे."

आक्कांचा राग मी एकदाच पाहिला, आणि तो पाहून आमचे मालक, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, तेसुद्धा चपापले. बायांच्या संडास-मोरीला तेव्हा भिंत नव्हती, चारी बाजूंनी पांढरं प्लॅस्टिक बांधलेलं होतं. आम्हाला वाटायचं, पांढरं आहे, दिसत नाही. एके दिवशी सकाळी आक्का जेवणाचा डबा घेऊन कामावर येत होत्या. सूर्य मोरीच्या मागून वर आला होता आणि आत अलका होती, आमच्याकडचीच एक तरुण कामगार. आक्का जागच्या जागी थांबल्या. मग त्या तडक माझ्याकडं आल्या. मला दंडाला धरून म्हणाल्या, "सायेब, त्या मोरीत जावा, आन् हात वर करून हुबं ऱ्हावा." अलका तोवर बाहेर आली होती. मी गेलो, दुसरं काय करणार. आत उभा राहून हात वर केले. बाहेर आक्का आप्पांना घेऊन आल्या आणि त्यांचा आवाज मला ऐकू आला, "आप्पा, आत कोन हाय वळखा."

आप्पा म्हणाले, "ह्यो तर आपला सुपरवायझर. हात कशापायी वर केल्यात यानं?"

"हात दिसलं ना तुम्हाला? मग बायांचं काय काय दिसत आसंल?"

मी आत, हात वर, आणि घामानं चिंब. किती वर्षं आम्ही सगळे पुरुष त्या रस्त्यानं जात-येत होतो, आणि दिसत नाही असं आपलं आपण ठरवून टाकलं होतं. आठ दिवसांत विटांची भिंत उभी राहिली आणि वरच्या झरोक्याला दुधी काच बसली. काच बसवणाऱ्याला आक्कांनी आत उभं करून, बाहेरून बघून मगच जाऊ दिलं.

तर अशा बाईची अंडी चुकली होती.

मी खड्ड्यापाशी बसलो होतो आणि एकेक गोष्ट डोक्यात जागेवर बसत होती. आक्का गेली दोन वर्षं बल्ब पुसत होत्या. दर पाच-सहा अंड्यांनी पदराचं टोक डब्यात घालून बल्ब पुसायच्या आणि म्हणायच्या, "मळतोय मेला." मी चार वेळा बल्ब बदलून दिला. मग म्हणाल्या, मोठा आणा. मोठा आणला. तो डोळ्यांवर येतो म्हणाल्या, परत बारका लावला. ट्रेवरची तारीख त्या अलकाकडून वाचून घ्यायला लागल्या होत्या. "तुजं अक्षर तूच वाच," असं म्हणायच्या, आणि आम्ही हसायचो. पिल्लं कमी निघायला लागली होती तेव्हा मी यंत्रातला दमटपणा तपासला, जनरेटरला दोष दिला, अंडी पुरवणाऱ्याशी भांडलो. सगळीकडं बघितलं, फक्त स्टुलावर बसलेल्या माणसाकडं बघितलं नाही. सुपरवायझर म्हणून मला त्या दिवशी स्वतःचाच संताप आला.

त्यात आक्कांचा नियमच घात करणारा ठरला होता. मेलेलं अंडं यंत्रात राहिलं तर कुजून फुटतं आणि शेजारच्या वीस अंड्यांना नासवतं. म्हणून त्या पहिल्यापासून म्हणायच्या, "संशय आला की बाजूला." त्यांना संशय क्वचित यायचा, तोवर तो नियम सोन्यासारखा होता.

मी एक रिकामा ट्रे आणला आणि जिवंत पिल्लं उचलून त्यात ठेवली. अकरा होती. ती गुपचूप आत नेऊन इतर पिल्लांत मिसळायची, खड्ड्यावर स्वतः माती ओढायची आणि कुणाला काही बोलायचं नाही, असं मी ठरवत होतो. पण जेवणाची सुट्टी होती आणि डबे धुवायचा नळ त्याच भिंतीला आहे. आक्का डबा धुवायला आल्या आणि थांबल्या.

"सायेब, ही कुनाची?"

मी म्हणालो, "आतला ट्रे कलंडला, आक्का. पडली बाहेर."

त्यांनी डावा डोळा मिटला. "उजेडाकडं त्वांड करा."

माझं वय छत्तीस, दोन मुलांचा बाप, पण मी शाळेतल्या पोरासारखं उन्हाकडं तोंड केलं. त्या अगदी जवळ आल्या, इतक्या जवळ की त्यांचा श्वास लागला. एवढ्या जवळ येऊन त्यांना माझं तोंड बघावं लागतंय, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"कवाची हायत?" त्यांनी विचारलं.

"परवाची."

"म्हंजी माजी."

मी काही बोलायच्या आत त्या खड्ड्यात उतरल्या. वास असा होता की मी नाकाला रुमाल लावला. त्या गुडघ्यावर बसल्या आणि एकेक अंडं उचलून कानाला लावायला लागल्या. डोळ्यासमोर धरलं नाही. कानाला लावायच्या, डोळे मिटायच्या, खाली ठेवायच्या. खूप वेळानं त्यांनी दोन अंडी माझ्याकडं दिली. "ही घ्या. बोलत्यात." त्या दोन्ही अंड्यांतून खरोखर बारीक टकटक येत होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही फुटली. अकरा आणि दोन, तेरा झाली.

मग त्या खड्ड्याच्या काठावर बसल्या. पदर मळला होता, तो झटकला नाही. मला वाटलं रडतील, पण त्यांनी विचारलं, "रोज माती कवा टाकतो हो त्यो?"

"संध्याकाळी. का?"

"म्हंजी दोन वरसं रोज सांजच्याला माती पडली." त्या खड्ड्याकडं बघत होत्या. "आज त्यो लग्नाला गेला म्हनून ही आयकाय आली. मातीखाली कितीक बोलली आसतील, सायेब?"

मी त्या खड्ड्याच्या वरच्या थराकडं बघून हादरलो होतो. खालचे थर माझ्या मनातही आले नव्हते. तिथं दोन वर्षांची माती, चुना आणि टरफलं होती, आणि मी त्याच्या काठावर बूट घालून उभा होतो. मी दोन पावलं मागं सरलो.

"दिसत नाही हे सांगितलं का नाही तुम्ही?" मी ओरडलोच. मला ओरडायला नको होतं.

"आदी वाटलं बल्ब मळलाय. मंग वाटलं अंडीच बदलली. समदं त्येलाच्या कागदातनं बघितल्यावानी व्हतं. उजेड दिसतो, धागं दिसत न्हाईत." त्यांनी एक टरफल उचलून पुन्हा खाली ठेवलं. "कळलं न्हाई आसं न्हाई. कळलं व्हतं. पर सायेब, त्या खोलीत मी म्हनंल ते चालतं. आप्पासुदीक इचारत्यात, आक्का, ह्ये काय हाय. खोलीच्या भाईर मला कोन काय इचारतंय, तुमीच सांगा."

माझ्या उत्तराची वाट न बघता त्या उठल्या, नळावर हातपाय धुतले, आणि मी मागून थांबा थांबा म्हणत असताना आप्पांच्या ऑफिसात गेल्या. सगळं सांगितलं. ट्रे नेऊन टेबलावर ठेवला. आप्पा आधी हसले, त्यांना थट्टाच वाटली. मग पिल्लांकडं बघितलं, मग आक्कांकडं, आणि त्यांचा चेहरा उतरला. हातातलं पेन खाली ठेवून म्हणाले, "आक्का, आदी डोळं दावून या. स्टूल काय पळून जात न्हाई. तवर कँडलिंग बंद."

शिरूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी खोलीतला दिवा बारीक केला आणि बाजूनं बारीक उजेडाची पट्टी त्यांच्या डोळ्यात सोडली. मी शेजारी उभा होतो. मी वाकून बघितलं. बाहुलीचं काळं काळं नव्हतंच. मोरीच्या झरोक्याची दुधी काच असते तसं आत पांढुरकं होतं. दोन वर्षं या डोळ्यांसमोर मी रोज बसत होतो, चहा पीत होतो, ट्रेवर सह्या करत होतो. ते बघायला नुसता एक दिवा तिरका धरावा लागत होता, आणि आमचं काम तर दिवा धरायचंच होतं.

आक्का हनुवटी टेकवून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "काय म्हंतंय, डाक्टर? जित्तं हाय का बाद?"

डॉक्टरांना आमचा धंदा माहीत नव्हता, पण ते म्हणाले, "डोळा चांगला आहे, आजी. भिंग तेवढं दुधी झालंय. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडं. बदलून टाकू."

"बदलता येतं व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या. परतताना त्या माझ्या गाडीवर मागं बसल्या. न्हावऱ्यात उतरल्यावर म्हणाल्या, "दोन साल आदी आले आसते तर." आणि घराकडं चालायला लागल्या.

जूनमध्ये एक डोळा झाला, जुलैत दुसरा. पट्टी सोडल्यावर मी भेटायला गेलो तर त्यांनी मला दारातच थांबवलं, उजेडात फिरवलं आणि म्हणाल्या, "सायेब, तुमी तर पार पिकलाव की." सूनबाईनं स्वयंपाकघरातून सांगितलं, की काल आत्याबाईंनी घरातले सगळे पेले पुन्हा घासून घेतले. मी मोठ्यानं हसलो. वाटलं, झालं, सगळं जागेवर आलं. त्या तेरा पिल्लांतली आठ-नऊ त्यांच्या अंगणात फिरत होती. आप्पांकडून त्यांनी ती मागून नेली होती.

गणपती झाल्यावर त्या कामावर आल्या. आप्पांनी स्वतः नवा बल्ब लावला होता. अलकानं अठराव्या दिवसाचा ट्रे समोर ठेवला. आम्ही सगळे त्या अंधाऱ्या खोलीच्या दारात गर्दी करून उभे होतो. आक्कांनी पहिलं अंडं टेकवलं. उजेड त्यांच्या तोंडावर आला.

"दिसतंय का, आक्का?" मी विचारलं.

"लख्ख," त्या म्हणाल्या. "धागान् धागा."

टेकवलं, उचललं, इकडं. टेकवलं, उचललं, इकडं. जुना वेग परत आला होता आणि अलकाचे डोळे भरून आले होते. ट्रे संपला. बाद अंड्यांची पाटी रिकामी होती. असं कधी होत नाही. मी तो ट्रे पुढं नेऊन पुन्हा तपासला, आणि माझ्यासारख्यालाही त्यात तीन मेलेली अंडी सरळ दिसली. परत येऊन मी हळूच सांगितलं.

"दिसली मला," आक्का म्हणाल्या. "हात उचलंना."

चार दिवस त्यांनी प्रयत्न केला. मेलेलं अंडं हातात घ्यायच्या, पाटीपर्यंत न्यायच्या, पुन्हा डब्यावर टेकवायच्या, पुन्हा न्यायच्या, आणि शेवटी ट्रेमध्ये ठेवायच्या. चौथ्या दिवशी यंत्रात एक अंडं फुटलं आणि अख्खा कप्पा घाणीनं भरला. पाचव्या दिवशी आक्कांनी बल्ब पुसायचं फडकं घडी करून अलकाच्या हातात दिलं. म्हणाल्या, "आता तू बस. आन् धड दिसंना झालं तर त्याच दिशी सांग. दुसऱ्या दिशी न्हाई." डबा उचलला आणि गेल्या. मी फाटकापर्यंत मागं धावलो. जे स्टूल जाईल म्हणून मी खोटं बोललो होतो, ते कुणी घेतलं नव्हतं. नजर स्वच्छ झाल्यावर त्याच उठून चालल्या होत्या. हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पूर्ण पटत नाही.

परवा, होळी होऊन आठवडा झाला असेल, दौंडहून शिरूरला जाताना न्हावऱ्यात गाडी आत वळवली. आक्का अंगणात होत्या. त्या पिल्लांच्या आता कोंबड्या झाल्या आहेत, आणि एक कोंबडी टोपलीत अंड्यांवर बसली होती. आक्कांनी तिच्या पोटाखाली हात घालून एक अंडं काढलं, मुठीची नळी करून त्यावर ठेवलं आणि सूर्याकडं धरलं. डावा डोळा मिटलेला. तीच जुनी बाई, तीच जुनी ऐट. मला इतका आनंद झाला की मी गाडी चालू ठेवूनच हाक मारली.

"आक्का! कितवा दिवस?"

"इसावा," त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं.

"मग दिसेल की सगळं. ऊन काय झकास आहे!"

"दिसतंय की."

असं म्हणून त्यांनी उजवा डोळाही मिटला. अंडं खाली घेतलं, पदरानं पुसलं आणि कानाला लावलं. तशाच उभ्या राहिल्या, मान एका बाजूला कलती, दोन्ही डोळे घट्ट मिटलेले. कोंबडी त्यांच्या पायाशी टोपलीत कुरकुरत होती. नवे डोळे मिळून सात-आठ महिने झाले होते आणि ही बाई उन्हात डोळे मिटून उभी होती.

"दिसतंय ना, आक्का? मग ऐकताय काय?"

"दिसतंय ते मला दिसतंय," त्या म्हणाल्या. "त्याला काय म्हनायचंय ते बी आयकू द्या. गाडी बंद करा आदी."

मी गाडी बंद केली.